चार वर्षांचा बूट आणि ३१ मार्च

बाळाचं पाऊल जन्मतःच आत आणि खाली वळलेलं असलं तर त्याला क्लबफूट म्हणतात. साधारण आठशे जन्मांमागे एका बाळाला हे होतं. त्यावरचा उपचार जुना आणि खात्रीचा आहे. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवामध्ये ही पद्धत बसवली. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करायची. दर आठवड्याला डॉक्टर हाताने पाऊल थोडं बाहेर वळवतात आणि त्या स्थितीत बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालतात, गुडघा काटकोनात ठेवून. प्लास्टर गुडघ्याखालीच संपवलं तर ते घसरतं आणि आठवडा वाया जातो. अशी पाच ते सात प्लास्टरं झाली की बहुतेक मुलांच्या टाचेमागची ताठ शीर (स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा दोर) बारीक छेद देऊन मोकळी करावी लागते. मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. ते उतरलं की पाऊल सरळ दिसतं. आईचा जीव भांड्यात पडतो, बाळाचा फोटो निघतो, आणि देणगी देणाऱ्या कंपनीच्या अहवालात "उपचार पूर्ण" अशी नोंद होते.

उपचार मात्र त्या दिवशी निम्माही झालेला नसतो. इथून पुढे ब्रेस. एका दांडीला दोन बूट जोडलेले. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी. ज्या पावलाला दोष होता तो बूट ६० ते ७० अंश बाहेर वळवलेला, दुसरा ३० ते ४० अंश. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, म्हणजे आंघोळ सोडली तर कायमच. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, मूल चार वर्षांचं होईपर्यंत. मूळ दोषाची ओढ वाढत्या पावलात राहतेच, म्हणून इतकी वर्षं. पाऊल पुन्हा वळलं तर त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ब्रेस बंद पडणं.

ब्रेस का बंद पडतो, हे बघण्यासारखं आहे. टाच बुटात नीट खाली बसलेली नसते, पट्टा सैल राहतो, पाऊल आत घसरतं आणि कातडीला फोड येतो. बाळ रडतं. आजीला ते बघवत नाही, ती म्हणते, "पाय बरा झालाय ना गं, मग पोराला कशाला छळतेस?" गोव्यात त्यात पावसाची भर. जून ते सप्टेंबर चामड्याला बुरशी धरते, मोजे दोन दिवस वाळत नाहीत, आणि एकच जोड मोजे दिलेले असतील तर ओले मोजे घालून फोड हमखास. वापरायची माहिती बहुतेक वेळा इंग्रजीत छापलेल्या कागदावर येते. सत्तरी तालुक्यातल्या आईला ती मराठीत हवी असते, झुआरीनगरच्या आईला कन्नडमध्ये. आणि शेवटचं कारण अगदी साधं: पाय वाढतो, बूट लहान होतो, आणि पुढच्या मापाचा बूट कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

कंपन्यांच्या मदतीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या बुटात आहे. मूल आजारी असतं चार वर्षं. पैसा येतो एका आर्थिक वर्षापुरता. या दोन मुदती जुळवणं हेच खरं काम, आणि आपल्या कायद्यात ते करायची सोय आहे. ती वापरली जात नाही, याचं वाईट वाटतं.

कायदा आधी थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी भरलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करणं बंधनकारक. म्हणजे वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचा नफा तीन वर्षांत ६, ७ आणि ८ कोटी झाला असेल, तर सरासरी ७ कोटी आणि सीएसआरची रक्कम १४ लाख. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समितीही नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. अशा कंपन्यांमध्ये हे काम बहुधा एचआर किंवा अकाउंट्सचा माणूस इतर कामं सांभाळून बघतो, आणि फेब्रुवारी उजाडला की त्याची धावपळ सुरू होते. मग पटकन खर्च होईल ते शोधलं जातं: एक शिबिर, एक यंत्र, शंभर किट.

आता ती सोय. नियमांत "चालू प्रकल्प" असा एक प्रकार आहे. प्रकल्प सुरू झाला ते आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. एप्रिलमध्ये सुरू केला तर मिळतात जवळपास पूर्ण चार वर्षं. बुटाची मुदत तीच! वर्षअखेर उरलेली रक्कम ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, "अनस्पेंट सीएसआर खाते" या नावाने बँकेत काढलेल्या वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिथून पुढच्या तीन वर्षांत त्याच प्रकल्पावर खर्च करायची. प्रकल्प चालू प्रकारातला नसेल, तर उरलेला पैसा ३० सप्टेंबरपर्यंत कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या एखाद्या सरकारी निधीत जमा करावा लागतो. तेही चुकलं तर कंपनीला दंड: भरायच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांतलं जे कमी असेल ते. दंडाच्या भीतीनेच मार्चमध्ये घाई होते. खरं तर वर्षाच्या सुरुवातीला संचालक मंडळाच्या ठरावात "चालू प्रकल्प" हे दोन शब्द आणि वर्षनिहाय खर्चाचा तक्ता घातला की घाईचं कारणच उरत नाही. सुरुवातीला एकाच वर्षाचा म्हणून मंजूर केलेला प्रकल्पही सबळ कारण नोंदवून पुढे वाढवता येतो.

यात एक खाच आहे, ती मात्र आधीच ओळखावी. एका वर्षाच्या पैशाची मुदत ठरलेली असते, आणि बाळं मात्र वर्षभर जन्मत राहतात. दुसऱ्या वर्षी नोंदवलेलं बाळ पहिल्या वर्षाच्या पैशावर चौथ्या वाढदिवसापर्यंत पोचणार नाही. म्हणून मुलांच्या तुकड्या कराव्यात. पहिल्या वर्षीच्या निधीवर फक्त त्या वर्षी, शक्यतो पहिल्या सहा-सात महिन्यांत जन्मलेली बाळं घ्यायची आणि उरलेला पैसा त्यांच्याच बुटांना, फेऱ्यांना राखून ठेवायचा. पुढच्या बाळांची तुकडी पुढच्या वर्षीच्या निधीवर. जन्म उशिरा झाला म्हणून एखाद्या बाळाचे शेवटचे काही महिने उघडे पडत असतील, तर तेवढा खर्च पुढच्या तुकडीच्या तक्त्यात आधीच धरून ठेवावा.

गोव्याच्या बाबतीत मला एका गोष्टीची फार आशा वाटते, ती म्हणजे आपलं लहानपण. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. जन्मदर हजारी बाराच्या आसपास धरला तर वर्षाला सतरा-अठरा हजार जन्म. आठशेला एक या हिशेबाने क्लबफूटची बाळं होतात वीस-बावीस. आख्ख्या राज्यात! वरच्या उदाहरणातल्या एका मध्यम कारखान्याचे १४ लाख या बाळांत वाटले तर प्रत्येकामागे साठ हजारांवर रक्कम येते, आणि प्लास्टर नि शीर मोकळी करण्याचं काम सरकारी रुग्णालयात होत असेल तर या पैशाला उरतात बूट, मोजे, येणं-जाणं आणि पाठपुरावा करणारा माणूस. मोठ्या राज्यात कंपनी एक तालुका निवडते आणि बाकीचे सोडून देते. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत एकही बाळ न सोडता काम करता येईल. "५० लाभार्थी" असं लक्ष्य लिहिण्याऐवजी "या वर्षी गोव्यात जन्मलेलं प्रत्येक बाळ" असं लिहिता येण्याची ऐपत किती ठिकाणी असते?

बाळं सापडणार कुठून, याची व्यवस्थाही तयार आहे. २०१३ पासून देशभर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालतो. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते: प्रसूती झाली तिथेच नवजात बाळाची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. क्लबफूट, दुभंगलेला ओठ आणि टाळू, जन्मजात हृदयदोष, बहिरेपणा हे सगळं त्या यादीत आहे. म्हणून कंपनीने आपलं वेगळं तपासणी शिबिर भरवू नये, असं मी आग्रहाने सांगेन. शिबिरात दोष सापडतो, कागद हातात मिळतो, आणि पुढे कुठे जायचं ते आईबापांना कळत नाही. सरकारी तपासणीत सापडलेलं मूल रुग्णालयाच्या दारापर्यंत आणि तिथून चार वर्षं पुढे नेणं, ही मोकळी जागा आहे.

या मोकळ्या जागेत नेमकं काय काय लागतं? पहिल्यांदा गाडीभाडं. वाळपईच्या पलीकडच्या वाड्यावरून किंवा काणकोणच्या खोतीगावातून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात यायचं तर कदंबाच्या दोन-तीन बसगाड्या बदलाव्या लागतात, अख्खा दिवस जातो आणि रोजंदारी बुडते. प्लास्टरच्या दिवसांत हे दर आठवड्याला. गाडीभाड्याचे पैसे आईच्या हातात त्याच दिवशी, ओपीडीतून निघण्याआधी द्यावेत. "तिकिटं जमा करा, महिन्याने भरपाई मिळेल" ही पद्धत चालत नाही. तिकीट पावसात भिजतं, शाई उडते, आणि ज्या बाईकडे जायला पैसे नाहीत तिला परतफेडीचं आश्वासन उपयोगाचं नसतं. सहीचं एक पान, तारीख, नोंद क्रमांक आणि गावापासूनचं ठरलेलं भाडं, एवढ्यावर हिशेब तपासनीस समाधानी होतो. आधी विचारून ठेवलं म्हणजे झालं.

तारखा देतानाही गावचं वर्ष माहीत हवं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आठवड्यात कुणी येणार नाही. मार्च ते मे काजूचा हंगाम, बागायतीत कामाला जाणाऱ्या घरातली बाई सकाळी निघू शकत नाही. तिला दुपारची वेळ द्यावी. लावणीच्या दिवसांतही तेच. एक तारीख चुकली की दुसऱ्या दिवशी फोन गेला पाहिजे, आणि फोन लागला नाही तर त्या वाड्यावरच्या अंगणवाडीताईंना. हे करणारा माणूस पगारी असावा. स्वयंसेवक दोन महिने उत्साहाने फोन करतो, तिसऱ्या महिन्यात त्याची परीक्षा येते.

पगाराचा विषय निघाला की कंपन्या हमखास म्हणतात, "प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पगार देता येणार नाही." हा गैरसमज आहे आणि त्यापायी कितीतरी चांगली कामं लंगडी पडतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा, नर्सचा, पाठपुरावा करणाऱ्याचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. प्रस्तावासोबत त्या परिपत्रकाची प्रत जोडावी, बैठकीतला अर्धा तास वाचतो.

संस्थेच्या बाजूने लागणारी कागदपत्रं फार नाहीत, पण एक जरी कमी असलं तर पैसा येत नाही. आयकराची १२अ आणि ८०जी नोंदणी, अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, आणि सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला नोंदणी क्रमांक. हा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यावर डिजिटल सही आणि सीए किंवा कंपनी सेक्रेटरीची पडताळणी लागते. फेब्रुवारीत कंपनीचा फोन आल्यावर हा अर्ज भरायला घेणाऱ्या संस्था पाहिल्या की हळहळ वाटते. तो आजच भरून ठेवावा.

यंत्रांच्या देणग्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण कंपन्यांना सगळ्यात जास्त यंत्रच द्यावंसं वाटतं. त्यावर पाटी लावता येते. नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर घ्या. बाळाच्या कातडीला चिकटवायचा तापमानाचा प्रोब हा त्यातला सगळ्यात नाजूक भाग. वायर सतत वाकून तो तुटतो. तुटला की यंत्र हाताने चालवावं लागतं, म्हणजे उष्णता बाळाच्या तापमानाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होत नाही, आणि नर्स दुसऱ्या बाळात गुंतली तर हे बाळ अति तापतं. लाखाच्या घरातलं यंत्र एका वायरीसाठी अडतं. बबल सीपॅपचंही तसंच: पाण्याच्या बाटलीत नळी साधारण ५ सेंटिमीटर बुडवून बाळाच्या फुप्फुसांना दाब द्यायचा, तत्त्व इतकं सोपं, पण नाकातल्या नळ्या बाळाच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या मापांच्या लागतात. देणगीत एकाच मापाचा संच आला तर लहान बाळाला ती नळी सैल होते, दाब राहत नाही, आणि बुडबुडे थांबतात.

कोविडच्या काळात देशभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वाटले गेले. त्यात जिओलाइट नावाची खडी असते, ती हवेतला नायट्रोजन धरून ठेवते. ही खडी ओल शोषते. किनारपट्टीच्या दमट हवेत यंत्र न वापरता वर्षभर कोपऱ्यात ठेवलं तर सुरू केल्यावर आवाज नेहमीसारखा येतो, हवाही येते, पण त्यातला ऑक्सिजन ८२ टक्क्यांच्या खाली गेलेला असू शकतो. मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून यंत्रासोबत ऑक्सिजन मोजायचं उपकरण हवं, दर आठवड्याला गाळणी धुवायची नोंद हवी, आणि वापर नसला तरी ठरावीक दिवसांनी यंत्र चालवून बघायला हवं. समुद्राजवळच्या आरोग्य केंद्रांत खाऱ्या हवेने सांधे गंजतात, पावसाळ्यात वीज खालीवर होते. स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

करारात पाच गोष्टी असल्याशिवाय रुग्णालयाने यंत्र स्वीकारू नये, असं माझं ठाम मत आहे: सुट्या भागांसकट देखभालीचा निदान पाच वर्षांचा करार, दोन वर्षं पुरतील इतके खर्ची पडणारे भाग, गोव्यात किंवा फार तर बेळगाव-मुंबईत असलेला दुरुस्तीचा माणूस, नर्सना दोनदा प्रशिक्षण (बदल्या होतात, म्हणून दुसरं सहा महिन्यांनी), आणि यंत्र कायमचं बंद पडलं तर ते कोण नेणार याचं उत्तर. मालकीचाही नियम आहे. २०२१ पासून सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही; ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थी गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर जाते.

औषधांची गोष्ट वेगळी. गोव्यात औषध कारखाने भरपूर आहेत, त्यामुळे "आमचीच औषधं देतो" हा प्रस्ताव वारंवार येतो. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वस्तुरूपात दिलेल्या मदतीची किंमत लावून ती सीएसआर खर्च म्हणून दाखवता येत नाही, हेही त्याच परिपत्रकात आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेचे औषध-देणगीचे नियम सांगतात की औषध पोचेल तेव्हा त्याची निदान एक वर्षाची मुदत उरलेली असावी, ते घेणाऱ्याच्या गरजेच्या यादीतलं असावं, आणि त्यावरचं लेबल तिथल्या माणसाला वाचता यावं. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे ४००० टन औषधं येऊन पडली, त्यातली बरीच त्या देशाच्या यादीतही नव्हती, आणि ती नष्ट करायचा खर्च त्याच होरपळलेल्या प्रांतावर आला. चांगुलपणानेच पाठवली होती ती सगळी.

औषध-देणगी कशी असावी याचं उत्तम उदाहरण मर्क कंपनीचं आहे. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत नदीकाठच्या काळ्या माशीमुळे पसरणारा रिव्हर ब्लाइंडनेस हा आजार माणसाला आंधळं करतो. गावातली लहान मुलं शाळा सोडून आंधळ्या वडीलधाऱ्यांची काठी धरून त्यांना फिरवत. १९८७ मध्ये मर्कने आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या लागतील तितक्या आणि लागतील तितकी वर्षं फुकट द्यायचं जाहीर केलं. या औषधाने जंतांची पिल्लं मरतात, मोठे जंत बहुतेक जगतात, म्हणून दहा-पंधरा वर्षं गावच्या गाव दरवर्षी गोळी घेत राहावं लागतं. एकच वर्ष दिली असती तर काही उपयोग नव्हता. गोळी किती द्यायची ते वजनावर ठरतं, पण खेड्यात वजनकाटे कुठून आणणार? मग रंगांच्या खुणा केलेली एक काठी वापरात आली. माणूस काठीशेजारी उभा राहतो: ९० सेंटिमीटरच्या खाली असेल तर गोळी नाही, ९० ते ११९ ला एक, १२० ते १४० ला दोन, १४१ ते १५८ ला तीन, त्यावर चार. अक्षरओळख नसलेला गावकरीही वाटप करू शकतो. २०१३ मध्ये कोलंबिया या आजारातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं, २०२५ मध्ये आफ्रिकेतला पहिला देश म्हणून नायजर. देणगीला तोवर अडतीस वर्षं होत आली होती.

गोव्यातही याच जातीचं एक काम झालं आहे, आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. संशयित पिसाळलेलं जनावर चावलेल्या माणसांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. मिशन रेबीज ही संस्था, गोव्याचं पशुसंवर्धन खातं आणि लस देणगीत देणारी एमएसडी अ‍ॅनिमल हेल्थ कंपनी यांनी मिळून कुत्र्यांचं लसीकरण घेतलं. जाळी घेतलेली पथकं मोबाइलच्या नकाशावर एकेक वाडा पूर्ण करत जातात, लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाचा ठिपका उमटवतात, मग दुसरी माणसं फिरून ठिपक्याची आणि बिनठिपक्याची कुत्री मोजतात. ७० टक्के झाली नसतील तर पुन्हा त्याच वाड्यावर. वर्षाला ९५ हजारांवर कुत्री, आणि शाळाशाळांतून दीड लाख मुलांना कुत्रा चावल्यावर काय करायचं याचे धडे. २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांमधला थांबला. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. पण कुत्र्यांची नवी पिल्लं दरवर्षी जन्मतात. एक वर्ष काम थांबलं तर ७० टक्के घसरायला लागतात, म्हणून ही देणगीही दरवर्षीचीच.

कॉक्लिअर इम्प्लांटला हेच लागू पडतं. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात आतला भाग शस्त्रक्रियेने बसतो आणि त्याला निधी मिळतो. बाहेरचा प्रोसेसर, कॉइल, केबल आणि बॅटऱ्या मात्र कुटुंबाच्या गळ्यात. केबल शाळकरी मुलाकडून तुटतेच. आपल्या हवेत प्रोसेसर रोज रात्री शोषक खड्यांच्या कोरड्या डबीत ठेवला नाही तर ओल धरतो. आणि बोलायला शिकवणारी थेरपी निदान दोन वर्षं. केबल तुटून चार महिने यंत्र बंद राहिलं तर मुलाचे भाषा शिकण्याच्या वयातले चार महिने गेले, ते कुठल्याही निधीतून परत येत नाहीत.

सरकारी योजनांशी जोडताना एक भेग दिसते. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण देते, पण गोव्यात निदान पाच वर्षं राहिलेल्यांनाच. वसाहतींमध्ये आणि बांधकामांवर दोन-तीन वर्षांपूर्वी आलेल्या कामगारांची मुलं त्यात बसत नाहीत. त्यांच्याकडे मूळ राज्यातलं आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातही यादीतल्या रुग्णालयात चालतं. आधी ते विचारावं. तेही नसेल तर ज्या कारखान्यात त्यांचे बाप राबतात, त्याच वसाहतीतल्या कंपन्यांच्या निधीचा पहिला हक्क मला या मुलांचा वाटतो. कायदाही स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतो. एकच काळजी घ्यावी: फक्त आपल्याच कामगारांच्या मुलांसाठी केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही, म्हणून योजना वसाहतीतल्या सगळ्यांना खुली ठेवायची.

फोटोंबद्दल दोन शब्द. दुभंगलेल्या ओठाच्या बाळाचा शस्त्रक्रियेआधीचा चेहरा कंपनीच्या पानावर कायमचा राहतो, आणि ते मूल पंधरा वर्षांचं होतं तेव्हा वर्गातली मुलं तो शोधून काढतात. उपचाराच्या दिवशी आईकडून घेतलेली सही ही संमती नव्हे. त्या क्षणी ती कशालाही हो म्हणेल. पावलांचा फोटो घ्या, बुटाचा घ्या, चेहरा नको. करारात हे लिहून घ्यावं.

आणि अहवालात किती शस्त्रक्रिया झाल्या यापेक्षा तीन आकडे मागा: नोंदवलेल्या मुलांपैकी आज किती ब्रेस वापरतायत, किती जणांची मागच्या तीन महिन्यांत भेट झाली, आणि जी सुटली ती का सुटली. तिसऱ्याचं उत्तर वाक्यात हवं, टक्क्यात नको.

या सगळ्यासाठी लागणारं सर्वांत उपयोगी साधन म्हणजे मापांची वही. एका ओळीत मुलाचा नोंद क्रमांक, आजचं माप, पुढचं माप, पुढची तारीख. बूट अंगठ्याला टेकायला लागण्याआधीच पुढची जोडी मागवलेली असली पाहिजे. मे संपताना ही वही उघडून बसावं आणि कपाट बघावं: प्रत्येक मुलाची पुढची दोन मापं आहेत का, आणि प्रत्येक जोडीबरोबर सुती मोज्यांचे चार जोड आहेत का. एकदा पाऊस लागला की नेत्रावळीहून येणारी आई रिकाम्या हाताने परत गेली, तर ती पुन्हा चवथ झाल्यावरच येते.